हजेरीपटापलीकडचा विद्यार्थी

खडकी हे गाव जखमी माणसांना चांगले ओळखते. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना एखादा हुन्नर शिकवून पुन्हा उभे करावे, या हेतूने १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट याच परिसरात आहे. कमरेखालचे बळ गमावलेल्या जवानांसाठी १९७४ पासून चालत आलेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रही येथलेच. चाकाच्या खुर्चीतील जवान दिसला की बाजारातला माणूस आदराने बाजूला होतो, त्याला वाट करून देतो. 'मनावर घेऊ नकोस, ऊठ आणि चालायला लाग,' असे त्या जवानाला सांगण्याचा अडाणीपणा आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

परंतु याच गावात, याच रस्त्यावरून, दप्तर पाठीला लावून एखादा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मनाने पुरता जायबंदी होऊन शाळेत जात असेल, तर आपण सारे त्याच्याशी नेमके याच अडाणीपणाने वागतो. 'नाटके करू नकोस', 'अभ्यास नको म्हणून हे सारे चालले आहे', 'आमच्या वेळी असले काही नव्हते', ही आपली ठरलेली औषधे. शरीराची जखम दिसते म्हणून तिला मान आहे. मनाची जखम दिसत नाही म्हणून तिची चेष्टा आहे. खडकीचे नाव घेतले ते केवळ प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी या भागात झाली म्हणून. महाराष्ट्रातील कोणत्याही गावाचे नाव येथे घातले तरी पुढील मजकुरात फारसा फरक करावा लागणार नाही.

एक न विचारलेला प्रश्न

अनेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. या भागातील एका शाळेत मी नववीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात साठ मुले. त्यांतला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर बदलला. अक्षर पूर्वी मोकळे आणि टपोरे होते, ते बारीक होत गेले. मधल्या सुट्टीत डबा न उघडताच परत दप्तरात जाऊ लागला. हस्तव्यवसायाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालेली आपली कंपासपेटी त्याने एके दिवशी शेजारच्या मुलाला देऊन टाकली. हे सारे मी पाहिले. हजेरी घेताना त्याच्या नावापाशी क्षणभर थांबलोही. परंतु विचारले काय, तर 'गृहपाठ का केला नाहीस?' वडील कारखान्यात रातपाळीला असतात, घरी काहीतरी कुरबुर असेल, आपण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, असा विचार करून मी पुढचे नाव पुकारले. मनाच्या तळाशी एक भीतीही होती. असल्या विषयाला तोंड फोडले आणि मुलाच्या डोक्यात नसलेले आपणच भरवून दिले तर?

वार्षिक परीक्षेला तो आला नाही. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला होता आणि शेजाऱ्यांच्या सावधपणामुळे तो वाचला होता. शिक्षकांच्या खोलीत 'घरगुती प्रकरण' या दोन शब्दांत विषय संपला. शाळेने गाजावाजा न करता त्याचा दाखला घरी पाठवून दिला. त्या निर्णयाविरुद्ध एक अक्षरही मी बोललो नाही.

पुढे बारा-तेरा वर्षांनी खडकी स्थानकावर लोणावळ्याच्या लोकलची वाट पाहत असताना एका तरुणाने वाकून नमस्कार केला. तोच तो. फ्रिज दुरुस्तीचा स्वतःचा धंदा आहे, लग्न झाले आहे, असे त्याने आनंदाने सांगितले. गाडी यायला अवकाश होता. न राहवून मी त्या वर्षाचा विषय काढला. तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही हजेरीच्या वेळी माझ्याकडे दोनदा थांबून पाहिलं होतंत. मला वाटलं, आज विचारतील."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य आजही मनातून जात नाही.

चार मुले

हा एकट्याचा अनुभव म्हणून बाजूला सारता आला असता तर बरे झाले असते. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तथापि आपली मुले काही निराळ्या मातीची नाहीत. हेच प्रमाण साठ मुलांच्या वर्गाला लावले, तर दर वर्गात सुमारे चार मुले येतात. जागतिक आरोग्य संघटनेचा १० ते १९ या वयोगटाचा जगभराचा अंदाज याहून मोठा आहे: दर सात मुलांमागे एक. म्हणजे ज्याला आपण अपवाद समजतो तो प्रत्येक वर्गात, प्रत्येक वर्षी, हजेरीपटावर 'उपस्थित' असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या आणि त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची सर्वांत मोठी संख्या ज्या राज्यात नोंदली गेली, ते राज्य महाराष्ट्र होय. फुले, कर्वे आणि कर्मवीरांचा वारसा सांगणाऱ्या या राज्याला ही नोंद शोभणारी नाही. निकालाच्या दिवशी गुणवंतांची छायाचित्रे छापणाऱ्या आणि ती कौतुकाने वाचणाऱ्या आपण सर्वांनी या दुसऱ्या यादीकडेही पाहिले पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशा मृत्यूचे कारण 'नापास झाला म्हणून' किंवा 'आई रागावली म्हणून' असे एका ओळीत सांगण्याची सवय आपल्याला जडली आहे. वस्तुतः अशा घटनेमागे एकच कारण क्वचित असते. पुष्कळ दिवसांचे नैराश्य, घरातील ताण, एखादा अपमान, शरीराविषयीची लाज, मित्रांनी टाकणे, कधी कोणाला सांगता न येणारा अत्याचार, अशा अनेक धाग्यांचा तो गुंता असतो. परीक्षेचा निकाल हा बहुधा शेवटचा धागा. शेवटचा धागा दिसतो म्हणून आधीचे धागे नव्हतेच असे होत नाही. आणि ते धागे महिनोन्महिने आधी दिसू शकतात, हाच यातील आशेचा भाग आहे.

वयाचे शास्त्र आणि घरची परिस्थिती

तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलांत होणारा बदल हा केवळ आवाज फुटण्याचा किंवा उंची वाढण्याचा नसतो. भावना उसळविणारी मेंदूची केंद्रे या वयात जोमाने काम करू लागतात. त्या भावनांना आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. घोडा तरणा आणि लगाम अजून वळला जात आहे, अशी ही अवस्था. या वयातील नैराश्य मोठ्यांप्रमाणे नेहमी रडवेल्या चेहऱ्याने येत नाही. पुष्कळदा ते चिडचिडीच्या, उर्मटपणाच्या, डोकेदुखी-पोटदुखीच्या रूपाने येते. म्हणून ज्या मुलाला सर्वाधिक शिक्षा होते, तोच कित्येकदा सर्वाधिक आजारी असतो.

झोपेचेही तसेच. वयात येताना झोपेचे नैसर्गिक घड्याळ पुढे सरकते; रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, ते योग्यच झाले. परंतु ज्यांचे झोपेचे घड्याळ खरोखरच उशिरा चालते, ती आठवी ते दहावीची मुले दुबार पद्धतीच्या शाळांत सकाळी सातलाच जांभया देत प्रार्थनेला उभी राहतात. रात्रीचा क्लास आणि त्यानंतर उशाशी जागणारा मोबाइल यांनी उरलीसुरली झोपही खाल्ली आहे.

आता यात घरची परिस्थिती मिळवा. खडकीच्या वस्तीचे एक वैशिष्ट्य आहे. १८६९ साली येथे दारूगोळा कारखाना सुरू झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या घरे त्याच्या भोंग्यावर उठली-जेवली. पाळीची नोकरी असलेल्या वडिलांची आणि शाळकरी मुलाची गाठ कित्येक दिवस पडत नाही. वडील झोपतात तेव्हा घराने कुजबुजत बोलायचे, हा नियम. दुसरीकडे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपसारख्या लष्करी केंद्रांमुळे येथे जवानांची कुटुंबे येतात आणि दोन-तीन वर्षांत बदलीवर निघून जातात. त्या मुलाने पाचवीत जोडलेला मित्र सातवीत राहत नाही. सीमेवरच्या वडिलांची काळजी आईच्या चेहऱ्यावर वाचत तो मोठा होतो. त्यातच १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील ४१ आयुध निर्माणी कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. धोरण म्हणून त्याचे गुणदोष काहीही असोत. परंतु 'मुलगा आयटीआय करील आणि कारखान्यात चिकटेल' या जुन्या भरवशावर ज्या घरांची रात्रीची झोप अवलंबून होती, त्या घरांत आता दहावीच्या गुणपत्रिकेवर न पेलणारे ओझे येऊन पडले आहे. बापाची अनिश्चितता मुलाच्या टक्केवारीतून वसूल केली जाते. मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण कळते.

पुलापलीकडची भीती

एवढे सारे असूनही मदत घ्यायला कोणी जात का नाही? याचे उत्तर खडकीपासून फार दूर नाही. नदीपलीकडे येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यातील अशा चार शासकीय रुग्णालयांपैकी ते एक. पुण्यात 'याला येरवड्याला पाठवा' हा वाक्प्रचार पिढ्यान्‌पिढ्या थट्टेत वापरला जातो. त्या थट्टेने केलेले नुकसान मोजता येणार नाही. मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचे म्हणजे त्याच्या कपाळावर जन्माचा शिक्का मारायचा, मग मुलीचे लग्न कसे व्हायचे, या भीतीने सुशिक्षित घरेही महिनोन्महिने अंगारे-धुपारे, शपथा आणि धाकदपटशा यांत घालवितात.

कायद्याची भीतीही होती. आत्महत्येचा प्रयत्न हा पूर्वी गुन्हा होता. त्यामुळे रुग्णालयात खरे सांगायला लोक कचरत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार द्यावेत असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर भारतीय दंड विधानातील ते जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही. सरकारी सेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच अपवाद आता उरला आहे. कायदा बदलला. शेजाऱ्यांची जीभ बदलायची आहे.

न्यायालयाने सांगितले, पुढे काय?

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला आणि देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत आणि कोणाचा जाहीर पाणउतारा करू नये, हे त्यातील मुख्य मुद्दे. निकाल स्वागतार्ह आहे यात शंका नाही.

परंतु आपल्याकडे एखादी गोष्ट अनिवार्य झाली की तिचा प्रथम कागद तयार होतो. 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी नकाशांच्या आणि तुटक्या बाकांच्या खोलीवर लागेल; गणिताच्या एखाद्या सहनशील बाईंना 'समुपदेशक' हे जादा काम देऊन अहवाल वर पाठविला जाईल. ज्या शाळांत मी काम केले तेथे संचमान्यतेत शिक्षक, लिपिक, शिपाई यांचा हिशेब काटेकोर होई. समुपदेशकाचे पद मात्र कधी दिसले नाही. अनुदानित शाळेने हा पगार कोठून द्यायचा, हे शासनाने स्पष्ट केल्यावाचून हा निकाल गरिबांच्या शाळांपर्यंत पोहोचणार नाही. आठ-दहा शाळांच्या गटासाठी एक पूर्णवेळ, शासकीय वेतनावरचा समुपदेशक, ठरलेल्या वारी प्रत्येक शाळेत बसणारा, एवढी सुरुवात तरी शासनाला अशक्य नसावी.

तथापि समुपदेशक नेमला तरी त्याच्या दारापर्यंत मूल जाणार कसे? ज्याला बोलता येत नाही हेच ज्याचे दुखणे, तो आपल्या पायांनी चालत जाऊन पाटी असलेले दार ठोठावील, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला तेथवर नेणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे रोज सकाळी त्याचे नाव पुकारणारा वर्गशिक्षक. तो डॉक्टर नव्हे, त्याने डॉक्टर होऊही नये. परंतु आईवडिलांखालोखाल मुलाला दररोज पाहणारा तोच, आणि एका मुलाची साठ मुलांशी तुलना करून 'याचे काहीतरी बिनसले आहे' हे सर्वांत आधी ओळखू शकणाराही तोच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वर्गशिक्षकाला आठवड्यातून एक तासिका अशी द्या की, जिच्यात अभ्यासक्रम पुरा करायचा नाही, माहितीचे तक्ते भरायचे नाहीत आणि बदली तासही घ्यायचा नाही. या तासिकेत त्याने आळीपाळीने चार-पाच मुलांशी बोलावे. वर्षभरात प्रत्येक मुलाची पाळी दोन-तीनदा येईल. निवडणुकीची यादी, जनगणना आणि पोर्टलवरची माहिती यांसाठी शिक्षकाचे तास शासनाला सापडतात. मुलाच्या मनासाठी एक तास सापडत नाही, हे मान्य करण्यासारखे नाही.

विचारायचे कसे?

पुष्कळ शिक्षक विचारतील, की बोलायचे तरी काय? पाहिलेले सांगावे, निष्कर्ष सांगू नये. 'तू हल्ली बिघडलास' हा निष्कर्ष झाला. 'गेले पंधरा दिवस तू डबा खात नाहीस, खेळायला उतरत नाहीस, मला काळजी वाटली' हे पाहणे झाले. मग गप्प बसावे. आपल्या व्यवसायाला हेच सर्वांत कठीण जाते. मूल काही सांगू लागले की उपदेश करू नये, तुलना करू नये, 'एवढेच ना?' म्हणू नये.

आणि संशय आला तर स्पष्ट विचारावे: 'जगणं नकोसं वाटतं का रे?' असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, ही समजूत खोटी आहे. मानसोपचाराच्या क्षेत्रातील अनुभव आणि अभ्यास उलटच सांगतो, की विचारल्याने मनावरचा दाब हलका होतो आणि मदतीची वाट उघडते. उत्तर 'हो' आले तर मुलाला एकटे सोडू नये. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये. 'तुला सुखरूप ठेवण्यासाठी ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन' असे म्हणावे. त्याच दिवशी पालकांना समजुतीने बोलवावे आणि तज्ज्ञाची मदत घ्यावी. लैंगिक अत्याचाराचा सुगावा लागला तर २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार तो पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळविणे हे प्रत्येकावर बंधनकारक आहे, हेही विसरता कामा नये.

मदत पूर्वीइतकी दुर्मिळ राहिलेली नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. शासकीय रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' चालविली जातात. हे क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी मोठ्या अक्षरांत लिहावेत. सुविचार पुसला तरी चालेल, हे पुसू नयेत.

शिक्षकाचेही मन

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथल्या वसतिगृहाचे काम त्यांनी अंगावर घेतले. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत, त्यांची अंथरुणे आवरीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. मुलाच्या मनाची चौकशी करणे हे शिक्षकाचे काम आहे, ही कल्पना परदेशातून आलेली नाही. ती आपल्याच खानदेशातील एका वसतिगृहात शंभर वर्षांपूर्वी रोज आचरली जात होती. त्याच गुरुजींना १९५० मध्ये स्वतःच्या मनाचा भार पेलवला नाही, हेही आपण विसरू नये. इतरांना आधार देणाऱ्यालाही आधार लागतो, ही गोष्ट आपण त्या दुःखद घटनेतून कधीच शिकलो नाही. साठ मुलांच्या वर्गात दिवसभर उभा राहणारा, अल्प मानधनावर किंवा तासिका तत्त्वावर राबणारा शिक्षक स्वतःच खचलेला असेल, तर त्याच्याकडून इतरांच्या मनाची विचारपूस कशी व्हावी? न्यायालयाने सांगितलेल्या प्रशिक्षणात शिक्षकाच्या स्वतःच्या मनालाही जागा हवी.

गावाने चाकाच्या खुर्चीला वाट करून द्यायला शिकण्यास काही वर्षे लागलीच असतील. मनाच्या जखमेलाही तशीच वाट करून द्यायला आपण शिकू शकतो. त्याची सुरुवात मोठ्या योजनेने होणार नाही. उद्या सकाळी कोणत्या तरी शाळेत हजेरी सुरू होईल. एखाद्या नावापाशी शिक्षकाची नजर क्षणभर थांबेल. त्यांनी पुढचे नाव पुकारावे, पण तास संपल्यावर त्या मुलाला हाक मारून थांबवून घ्यावे आणि विचारावे. तो कदाचित त्या दिवशी काहीच सांगणार नाही. पण विचारणारे कोणी आहे, एवढे तरी त्याला कळेल. मी हे एकदा केले नाही. मुलगा वाचला, हे त्याच्या शेजाऱ्यांचे पुण्य. त्यात माझे काहीही नाही.